शाई अडते कुठे?

मुंबईहून बसने पुण्याला निघालं की खोपोली मागे पडते, घाट लागतो आणि कानांत दडे बसतात. खिशात शाईचं पेन असेल तर तिथेही त्याच वेळी काहीतरी घडत असतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. एवढं वर चढल्यावर हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी होतो. पेनाच्या टाकीत शाईच्या वर जी हवा कोंडलेली असते, ती तेवढ्याच प्रमाणात फुगते आणि शाईला वाट मिळेल तिकडून बाहेर ढकलते. ड्रॉपरने भरायच्या मोठ्या पेनात अडीच मिलिलिटर हवा असेल, तर घाटमाथ्यावर पोचेपर्यंत तिला आणखी तीन-चार थेंबांइतकी जागा लागते. ती जागा ती शाईकडून घेते. स्वारगेटला उतरल्यावर खिशाखाली निळा डाग दिसतो, पेन घेतलेल्या दुकानाचा उद्धार होतो आणि पेन कपाटाच्या खणात जाऊन पडतं. त्या पेनात बिघाड काहीच नसतो.

शाईच्या पेनाच्या बहुतेक तक्रारींचं असंच असतं. पेन सुरू होत नाही, मध्येच शब्द तुटतात, पानभर नीट चालून मग कोरडं पडतं, किंवा नको त्या क्षणी भसकन थेंब टाकतं. अशा वेळी माणसाचा हात सर्वांत आधी निबेकडे जातो. तिच्यावर दाब देऊन पाहिलं जातं, ब्लेडचं पातं फटीतून फिरवलं जातं, पेन जोरात झटकलं जातं. शाळेत पुढच्या बाकावरच्या मुलाचा पांढरा शर्ट या झटकण्याला अनेकदा बळी पडायचा. प्रत्यक्षात निब ही शेवटी तपासायची गोष्ट आहे. शाई बाहेर येण्यात तिचा वाटा आहेच, पण अडथळा बहुतेक वेळा तिच्या मागे कुठेतरी असतो, आणि त्याचा संबंध शाईइतकाच हवेशी असतो.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, थांबत थांबत येतं. समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, कारण आता तेलाची जागा घ्यायला हवेला वाट मिळालेली असते. शाईच्या पेनाला ही दोन्ही कामं एकाच तोंडातून करावी लागतात. निबेच्या खाली जी काळी पट्टी असते, जिला आपल्याकडे जीभ म्हणतात, ती हे काम करते. तिच्या वरच्या अंगाला केसासारख्या बारीक खाचा असतात. केशाकर्षणामुळे शाई त्या खाचांतून पुढे सरकते, निबेच्या फटीत शिरते आणि टोकाला कागद टेकला की कागदाचे तंतू तिला ओढून घेतात. जेवढी शाई गेली तेवढीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने जिभेतल्याच रुंद खाचेतून मागे टाकीत जाते. जिभेच्या पोटाला कंगव्यासारखे दाते दिसतात, ते शोभेसाठी नाहीत. टाकीतून अचानक जास्त शाई आली तर ती तात्पुरती तिथे साठून राहते, लगेच कागदावर पडत नाही. घाटात गळणारं पेन म्हणजे त्या दात्यांच्या कुवतीपेक्षा जास्त शाई आली, एवढाच अर्थ.

ही देवाणघेवाण बाजारात चालण्याइतपत भरवशाची करण्याचं श्रेय न्यूयॉर्कच्या ल्युइस एडसन वॉटरमन याला दिलं जातं. 1884 साली त्याला अशा खाचांच्या जिभेचं पेटंट मिळालं. तो विमा एजंट होता, ऐन सहीच्या वेळी पेनाने करारावर डाग पाडला, गिऱ्हाईक हातचं गेलं आणि त्या चिडीतून पेन जन्माला आलं, अशी गोष्ट हौसेने सांगितली जाते. ती जाहिरातवाल्यांनी नंतर रचलेली असावी असं जाणकारांचं मत आहे. जिभेच्या खाचा मात्र खऱ्या, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही मूळ युक्ती तीच आहे.

आता सर्वांत नेहमीची तक्रार: पेन उठतच नाही.

याचं कारण दहातल्या बहुतेक वेळा वाळलेली शाई हेच असतं, आणि पुण्याचा एप्रिल-मे हा त्याचा हंगाम. पारा चाळिशीकडे जातो, दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते, आणि टोपण न लावता टेबलावर ठेवलेलं पेन चहा पिऊन येईपर्यंत आखडतं. टोपण लावलेलं पेनही चार दिवसांनी अडत असेल तर संशय टोपणावर घ्यावा. ते आतून तडकलेलं असू शकतं किंवा त्यातलं आतलं लहान टोपण सैल झालेलं असतं. तपासणी सोपी आहे. टोपण स्वच्छ धुवून, पुसून, त्याचं तोंड ओठांशी घट्ट धरून फुंकावं. हवा कुठून तरी निसटत असेल तर शाईतलं पाणीही तिथूनच उडतं. काही कंपन्या लहान मुलाच्या घशात टोपण अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून त्याला मुद्दाम भोक ठेवतात. चांगल्या पेनात अशा वेळी निबेसाठी आत वेगळं हवाबंद कप्पेवजा टोपण असतं. स्वस्त पेनात ते नसलं तर मालकाने पेन रोज वापरणं हाच उपाय.

वाळलेल्या पेनाला धुणं लागतं, आणि धुणं म्हणजे नळाखाली धरणं नव्हे. कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची आतली नळी, काढावा, निबेचा पुढचा भाग म्हणजे गळा वेगळा करावा आणि साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल. मग औषधाच्या दुकानात कान धुण्यासाठी मिळणारा रबरी फुगा किंवा सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी घेऊन गळ्याच्या मागच्या बाजूने पाणी सोडावं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, आणि त्याला पहिल्यांदा वाटतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. जिभेच्या खाचांत अडकलेली शाई शेवटपर्यंत थोडी थोडी येत राहते. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकला तर काम लवकर होतं; नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत साधं पाणी सोडायचं. शेवटी टिपकागदाच्या किंवा टिश्यूच्या घडीवर निब खाली करून पेन उभं ठेवलं की उरलेलं पाणी खेचलं जातं.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. पुण्यात महापालिकेच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी या कामाला पुरेसं चांगलं. उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. त्यातले क्षार गीझरच्या कॉइलवर बसतात तसेच जिभेच्या खाचांतही बसू शकतात. अशा ठिकाणी शेवटचं विसळणं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावं. ते कुठल्याही बॅटरीवाल्याकडे स्वस्तात मिळतं.

गरम पाणी टाळायचं. सेल्युलॉइड आणि काही प्लास्टिकं त्याने वाकतात, एबोनाइटचं काळं पेन तपकिरी-हिरवट पडतं. करोनाच्या काळात घराघरात साठलेलं सॅनिटायझर आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, दोन्हीही पेनापासून दूर ठेवावीत. पारदर्शक प्लास्टिकला त्याने तडे जातात किंवा ते चक्क विरघळतं. फारच हट्टी शाई असेल तर घरगुती अमोनियाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, त्यात साबणाचा थेंब, असं मिश्रण अर्धा तास चालतं. मात्र पेनाचा कुठलाही भाग ॲल्युमिनियमचा नसेल तरच.

इथे एक गंमत सांगण्यासारखी. कोरं करकरीत, नुकतंच खोक्यातून काढलेलं पेनही अनेकदा धुवावं लागतं. जीभ घडवताना आणि निब कापताना लागलेला तेलकटपणा तिच्यावर राहून जातो, आणि तेलाला शाई चिकटत नाही. नवीन पेन दोन दिवसांत अडायला लागलं की लोक दुकानात परत जातात. साबणाच्या पाण्याने एकदा धुतलं तर त्यांतल्या कित्येकांची फेरी वाचेल.

धुऊनही पेन अडतंच असेल तर दौतीकडे पाहावं. शाई म्हणजे शाईच, असा आपला समज असतो, आणि तो पेनाला सर्वांत महाग पडतो. पुण्यातच याचा भक्कम पुरावा आहे. पेशवे दफ्तरातले लाखो मोडी कागद ज्या शाईने लिहिले गेले, ती काजळी आणि डिंक यांची होती. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात. डिंक त्यांना कागदाशी बांधतो. म्हणून दोन-अडीचशे वर्षांनंतरही ती अक्षरं काळीभोर आहेत. बोरूला ती शाई चालायची, कारण बोरूला ना टाकी होती ना जीभ. बोरू दर ओळी-दोन ओळींनी दौतीत बुडायचा आणि काम झालं की पुसला जायचा. तीच शाई फाउंटन पेनात भरली तर डिंक आणि काजळी मिळून जिभेच्या खाचा एका रात्रीत बुजवून टाकतील. फाउंटन पेनाची शाई प्रामुख्याने पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची असते. सोबत थोडा ओलावा धरून ठेवणारा पदार्थ, पृष्ठताण कमी करणारा पदार्थ आणि बुरशी रोखणारं औषध.

आजच्या काळातली अशीच चूक आर्किटेक्चरचे आणि चित्रकलेचे विद्यार्थी करतात. घरात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची काळी बाटली असते, ती सुरेख काळी दिसते, आणि एखाद्या संध्याकाळी ती पेनात जाते. त्या शाईतला लाखेसारखा बांधणारा घटक एकदा सुकला की पाण्याने सुटत नाही. असं पेन वाचवणं जाणकारालाही अवघड जातं.

शाईचा विषय निघाला की महाराष्ट्रात कॅमलचं नाव येतंच. 1931 साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी स्वदेशी शाईचा धंदा सुरू केला, तो हॉर्स ब्रँड नावाच्या शाईच्या भुकटीने आणि वड्यांनी. वडी पाण्यात टाकायची, ढवळायचं, दौत तयार. शाळा-कचेऱ्यांतल्या टाकांना हे पुरेसं होतं. तळाशी थोडा गाळ राहिला तरी टाक तो वरच्यावर चुकवायचा. फाउंटन पेनाचं तसं नाही. त्याच्या पोटात गाळ गेला की तो जिभेतच अडकणार. म्हणून पेनासाठी कारखान्यात गाळलेली, मोजून बनवलेली बाटलीबंद शाई लागते, आणि याच वाटेने कॅमल इंक पुढे आली. कंपनी नंतर कॅमलिन झाली, आता जपानी कोकुयोबरोबर कोकुयो कॅमलिन आहे, आणि तिची साधी रॉयल ब्ल्यू आजही अडणाऱ्या पेनाची परीक्षा घ्यायला उत्तम. साधी, धुऊन निघणारी, फार दाट नाही. झगमगीत कण घातलेली महागडी आयात शाई अडत असेल, तर आधी पेन धुवावं आणि त्यात ही साधी निळी भरून पाहावी. पेन नीट चाललं तर दोष शाईचा, निबेला हात लावायची गरज नाही.

दोन वेगवेगळ्या शाया एकत्र करण्याची हौसही टाळलेली बरी. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली की दोघींचा साका तयार होतो. जुन्या धाटणीच्या लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईबाबत तर जास्तच काळजी घ्यावी. ती कागदावर पडल्यावर हवेने काळी आणि पक्की होते, तशीच ती पेनात वाळली तरी पक्की होते. आणि पावसाळ्यात जुनी बाटली उघडल्यावर कुबट वास आला किंवा वर तंतू तरंगताना दिसले तर ती सरळ ओतून टाकावी. बुरशीची शाई गाळून वापरण्यात बचत नाही. ती पेनात शिरली की पुढच्या प्रत्येक बाटलीत पोचते.

आता त्या विचित्र तक्रारीकडे: पेन पानभर छान चालतं आणि मग हळूहळू फिकं पडत थांबतं. टाकीत शाई दिसते, निबेपर्यंत येत नाही. ज्यांच्याकडे कन्व्हर्टरची पेनं आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. कन्व्हर्टर म्हणजे आत-बाहेर होणाऱ्या दट्ट्याची अरुंद नळी. नळी इतकी अरुंद असते की शाई तिच्या मागच्या टोकाला पृष्ठताणाने चिकटून बसते आणि मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. पेन उघडून पाहिलं तर शाई दट्ट्याशी लटकलेली दिसते. बोटाने टिचकी मारली की ती खाली येते, म्हणून ओळखायला सोपं. यावर कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने आतून धुणं. काही कंपन्या नळीत स्टीलची बारीक गोळी टाकूनच देतात, ती खुळखुळत शाई मोकळी करते.

टिचकी मारूनही शाई येत नसेल आणि दट्टा जरासा फिरवून शाई पुढे ढकलली की पुन्हा पानभर लिहिता येत असेल, तर निदान वेगळं: हवा आत जात नाही. जिभेची रुंद खाच बुजलेली आहे किंवा जीभ निबेत नीट बसलेली नाही. टाकीत पोकळी तयार होते आणि ती शाईला मागे धरून ठेवते. याच कारणाने दुकानातली परीक्षा फसवी ठरते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पेन घ्यायला गेलं की काउंटरवर दौत असते, निब बुडवून लिहायला मिळतं, अक्षर झक्कास येतं. बुडवलेल्या पेनाने फक्त निबेचं टोक कळतं. बाहेरून लागलेली शाई संपेपर्यंत ते उत्तमच लिहिणार. शाई आणि हवेची देवाणघेवाण टाकी भरून सलग दोन-तीन पानं लिहिल्याशिवाय कळत नाही. त्याच चौकातल्या व्हीनस ट्रेडर्ससारख्या जुन्या दुकानात फाउंटन पेनांचे शौकीन तासन्‌तास घालवतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

या सगळ्यातून पार पडल्यावरच निबेची पाळी. दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. घड्याळजीकडे असतं तसं. निब उजेडाकडे धरून वरून खाली पाहावं. मधल्या भोकापासून टोकापर्यंत फट सारखी अरुंद होत गेली पाहिजे आणि टोकाशी दोन्ही पाती जेमतेम भेटलेली असली पाहिजेत. टोकाशी मोठी फट दिसली तर कुणीतरी दाबून लिहिलेलं आहे: केशाकर्षणाला फट अरुंद लागते, ती पसरली की शाईची साखळी तुटते. उलट टोकाशी पाती एकमेकांवर गच्च दाबलेली असतील तर शाईला यायला जागाच नाही. त्यावर उपाय म्हणजे पितळेचा अगदी पातळ पत्रा, साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या जाडीचा. तो फटीतून हलकेच दोन-तीन वेळा फिरवायचा. ब्लेड नको: ते पोलादी असतं, धारेचं असतं आणि फटीच्या कडा खरवडून टाकतं.

भिंगातून समोरून पाहिलं की दोन पाती एका पातळीत आहेत की नाही ते दिसतं. एक वर, एक खाली असेल तर पेन एका बाजूच्या रेघेला खरखरतं आणि दुसऱ्या बाजूला तुटतं. वर आलेलं पातं अंगठ्याच्या नखाने हलकं दाबायचं, सोडायचं, पुन्हा पाहायचं. इथे अधीर माणसाचं काम नाही.

एक दोष मात्र नव्या, चकचकीत, महागड्या पेनांतच जास्त आढळतो. कारखान्यात निबेचं टोक गुळगुळीत करताना फटीच्या आतल्या कडाही गोलावल्या जातात. मग शाई फटीत असते, पण कागदापासून केसभर वर; पहिली रेघ उमटतच नाही, जरा दाबलं की उमटते. लोक टोकाला ‘इरिडियम’ म्हणतात, आणि ते नाव पेनावर अजूनही छापलेलं असतं, पण आजच्या टोकात ते क्वचितच असतं. ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांचे कठीण मिश्रधातू असतात. या गोलावलेल्या टोकाला अतिबारीक, बारा हजार नंबरच्या पॉलिश कापडावर थोडे इंग्रजी आठ काढून सपाट करता येतं. पण घासून गेलेला धातू परत येत नाही. शंका असेल तर हे काम निब दुरुस्त करणाऱ्यालाच द्यावं.

भारतीय पेनांच्या चाहत्यांच्या हाती मात्र एक जादा उपाय आहे. राजमहेंद्रीची रत्नम, मुंबईची एअरमेल, तमिळनाडूतली रंगा, अशा अनेक देशी पेनांत जीभ एबोनाइटची असते. रबरात गंधक मिसळून, तापवून केलेला हा कडक पदार्थ. प्लास्टिकच्या जिभेला शाई सहजासहजी भिजवत नाही, एबोनाइटला भिजवते. म्हणून ही पेनं ओली, सढळ चालतात. गांधीजींना देशी पेन हवं होतं आणि रत्नम यांनी ते करून पाठवलं, तेव्हा 1935 साली वर्ध्याहून त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं होतं. हाताने कापलेल्या या जिभांचा एकच तोटा: दोन पेनं सारखी नसतात. कधी जीभ निबेपासून जराशी सुटलेली राहते, मध्ये हवा शिरते आणि शाईचा दोर तुटतो. मग निब आणि जीभ एकत्र बसवून नुकत्याच उकळून उतरवलेल्या पाण्यात वीस-तीस सेकंद धरायची आणि बाहेर काढताच अंगठ्याने जीभ निबेला दाबून गार होऊ द्यायची. एबोनाइट मऊ होतं आणि निबेचा आकार घेतं. गरम पाणी टाळायचा जो नियम आधी सांगितला त्याला हा अपवाद, आणि तोही फक्त जिभेपुरता. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग केला तर ती वाकडी होऊन बसेल.

ड्रॉपरने भरायच्या पेनांची उलट तक्रार असते. टाकी एक-तृतीयांश उरली की लिहिता लिहिता मोठा थेंब पडतो. इथे घाट नाही, पण हात आहे. मुठीत धरलेल्या पेनाचं तापमान पंचविसावरून पस्तिसावर गेलं तर आतली हवा तीन टक्क्यांहून जास्त फुगते. टाकी भरलेली असताना हवा थोडी असते म्हणून कळत नाही; टाकी रिकामी होत जाते तशी फुगणारी हवा वाढते. म्हणून जाणते लोक अशा पेनात एक-तृतीयांशाच्या खाली शाई जाऊ देत नाहीत. प्रवासात तर ते पूर्ण भरतात किंवा पूर्ण रिकामं करतात आणि निब वर करून ठेवतात. विमानात हाच नियम जास्त काटेकोर, कारण केबिनमधला दाब दोन हजार मीटर किंवा त्याहूनही जास्त उंचीच्या डोंगरावरच्या दाबाइतका उतरू शकतो. गळ्याच्या आट्यांतून शाई पाझरत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा. व्हॅसलीन लावण्याची घरगुती सवय वाईट. पेट्रोलियमने पेनातल्या रबरी चकत्या आणि पिशव्या फुगतात, कुजतात.

आणि पेन निर्दोष, शाई साधी, तरी अक्षर फुटतं, असं जुलै-ऑगस्टमध्ये हमखास होतं. हवेतली ओल कागदाने पिऊन ठेवलेली असते, आणि ओल्या कागदाचे तंतू शाई लांबवर ओढून नेतात. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर फरक पडतो. याच्या उलट, उन्हाळ्यात घामेजलेला तळवा पानाच्या खालच्या अर्ध्यावर टेकत राहतो, तिथे तेलकटपणा उतरतो आणि नेमकं पानाच्या शेवटी पेन अडायला लागतं. पानाच्या वरच्या भागात चालतं आणि खालच्या भागात अडतं, असं असेल तर तळव्याखाली एक टिपकागद ठेवून पाहावा.

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी कधी कधी आजोबांच्या पिढीतली पेनं सापडतात. बहुतेकांत शाई जिथे साठते तीच गोष्ट गेलेली असते. 1920 ते 1950 च्या दरम्यानच्या अनेक पेनांत रबरी पिशवी असायची. बाजूची कडी ओढली की ती दबायची आणि सोडली की शाई खेचायची. रबर वर्षानुवर्षं पडून दगडासारखं होतं किंवा चिकट काळा लगदा होतो. कडी कडक लागली तर ती ओढू नये. आतली पिशवी कडक झालेली असते आणि जोर लावला की कडीच मोडते. 1948 नंतरचं पार्कर 51 मात्र सापडलं तर आशा ठेवावी. त्याची पिशवी रबराची नाही, पारदर्शक प्लास्टिकची असते आणि सत्तर वर्षांनंतरही अनेकदा शाबूत निघते. त्याची निब झाकलेली असते आणि आत शाई धरून ठेवणारा बारीक दात्यांचा मोठा कप्पा असतो. त्यामुळे त्याला धुवायला रात्र पुरत नाही. पाण्याच्या पेल्यात टोक बुडवून रोज पाणी बदलत चार-पाच दिवस ठेवावं लागतं. जुन्या पेनाचा गळा सुटत नसेल तर तो उघडण्याचा घाईने प्रयत्न न करता केस वाळवायच्या यंत्राची मंद गरम हवा द्यावी, हाताला सोसेल इतपतच. त्या काळातली बरीच रंगीत पेनं सेल्युलॉइडची आहेत, आणि सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. त्यांना मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीजवळ नेणं साफ निषिद्ध.